साहेब खात नाही, पण उत्तर देतो का?

कुठल्याही ऑफिसात नवीन साहेब आला की आमच्याकडं पहिली चौकशी एकच होते, खातोय का? न्हाई म्हटलं की झालं, माणूस चांगला हाय, देवमाणूस हाय, विषय संपला. मला ह्या चौकशीत अर्धीच गोष्ट दिसते. मी कोल्हापूरच्या कडेला सेवा केंद्र चालवतो, आपले सरकारचं, म्हणजे उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, नॉन क्रिमिलेयर, सातबारा, आठ-अ असलं सगळं दिवसभर चाललेलं असतं आणि जूनमध्ये अ‍ॅडमिशनचा सीझन लागला की जेवायलासुद्धा उठता येत नाही. इथं बसून जेवढी माणसं बघितली त्यात कुणी पैसे मागितले म्हणून चिडलेली होती, आहेतच, पण त्याच्यापेक्षा लई जास्त माणसं "काय झालंय त्येच कोण सांगत न्हाई वो" म्हणून हैराण झालेली होती. सरकारी माणसानं वागावं कसं ह्यावर भाषणं ढीगभर होतात, पण ही दुसरी तक्रार त्या भाषणात कधी येतच नाही, म्हणून लिहायला घेतलं.

एका आक्कांची गोष्ट सांगतो, नाव गाव टाकत नाही. मालक वारले, थोडीफार जमीन होती, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र करून जोडलं. ज्यांच्याकडं काम होतं तो कर्मचारी एकदम स्वच्छ माणूस, दुसऱ्याच्या पैशाचा चहासुद्धा पिणार नाही, हे मी छातीठोक सांगतो. पण आक्का गेल्या की "पुढच्या आठवड्यात या", पुढच्या आठवड्यात गेल्या की "साहेब मीटिंगला गेलेत", मग "सर्व्हर डाऊन आहे", मग "अजून वर गेलेलं नाही". आक्का भांगलणीला जातात, ऑफिसची एक खेप म्हणजे एक रोज बुडाला, वर वडापचं भाडं, आणि परत आल्यावर भाऊकीतले विचारणार झालं काय म्हणून, तर काय सांगायचं.

माझ्याकडं आल्या तेव्हा पहिल्यांदा विचारलं, आक्का पोच हाय का? त्यांनी पिशवीतनं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली अर्जाची झेरॉक्स काढली, तिच्यावर आवकचा गोल शिक्का, तारीख, नंबर, सगळं व्यवस्थित. निम्म्या लोकांकडं हेच नसतं. अर्ज टेबलावर ठेवून येतात आणि मग अर्ज आला होता का नव्हता इथनंच भांडण सुरू होतं. मग एक साधा अर्ज लिहिला, पानभर पण नव्हता, की अमुक तारखेला अर्ज दिला आहे, पोच सोबत जोडली आहे, तो आज कोणत्या टेबलावर आहे आणि कोणत्या कारणानं थांबला आहे ते लेखी कळवावं. दप्तर दिरंगाई कायद्याचा उल्लेख केला खाली, भांडणाची भाषा कुठं वापरली नाही.

लेखी उत्तर आलं. प्रतिज्ञापत्रात एका लग्न झालेल्या मुलीचं नाव सुटलं होतं, ते घालून नवीन प्रतिज्ञापत्र द्या. एवढंच.

आता ह्यात बघा, ऑफिसचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मुलगी लग्न करून गेली म्हणून तिचा वारसा कुठं जात नाही, तिचं नाव सोडून नोंद केली असती तर तिच्यावर अन्याय झाला असता, म्हणजे त्या माणसानं अर्ज अडवून कायद्यानं योग्यच केलं. पण एवढं एक वाक्य सांगायला त्या बाईला किती खेपा घालायला लावल्या? मुलगी काय लांब दिली नव्हती, शेजारच्या तालुक्यात. आक्कांनी दोन दिवसांत नवीन प्रतिज्ञापत्र आणून दिलं, मग गाव नमुना सहा-क ला वारसांची नोंद, मग फेरफार, नोटीस, मग सर्कलची म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, सगळं रीतसर पुढं सरकलं. पैशाचा संबंध कुठंच नव्हता. तरी ती बाई हैराण झालीच की. हे नीट वागणं झालं असं मला कुणी पटवून देऊ नये, मी ऐकणार नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत १९७९ चे, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना ते लागू आहेत. त्यात तिसऱ्याच नियमात सांगितलंय की नितांत सचोटी ठेवायची, कर्तव्यपरायण राहायचं आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारं काही करायचं नाही. तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. आपण मात्र पहिली तेवढी धरून बसलोय, सचोटी म्हणजे पैसे न खाणं, आणि दुसरी कुणी विचारतच नाही. मग पैसे न खाणारा माणूस फाईल दाबून बसला तरी त्याच्या प्रामाणिकपणाचा सत्कार होतो.

तो दप्तर दिरंगाई कायदा, त्याचं खरं नाव लांबलचक आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असं काहीतरी, २००५ चा कायदा. त्यात लिहिलंय की साधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखल्यांना तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्ज घेतल्यावर पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, उदाहरणार्थ उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, आणि नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारायचा. नाही झालं तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्याच्यावर आयोग, आणि कारण नसताना सेवा दिली नाही तर त्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड. सगळं आहे. प्रत्येक ऑफिसात त्याचा बोर्ड लावायचा असतो, कुठल्या सेवेला किती दिवस, अपील कुणाकडं, आणि तो बोर्ड बऱ्याच ठिकाणी कपाटाच्या मागं नाहीतर जिन्याखाली, जिथं ट्यूबलाईट पण नाही. बोर्ड कुठं लावला हे बघितलं तरी त्या ऑफिसचं अर्धं कळतं मला तरी.

आता दुसरी बाजू पण लिहितो, कारण ती मला रोज दिसते. संध्याकाळी ऑफिसं सुटली की कर्मचारीच माझ्याकडं झेरॉक्सला येतात, बसतात, बोलतात. एक कारकून आहेत, त्यांचं म्हणणं असं की वरनं फोन येतो "करून टाक", कागदावर कोण देत नाही, आणि उद्या चौकशी लागली की सही कुणाची, माझी. हे खोटं नाहीय. त्याच वर्तणूक नियमात असं आहे की वरिष्ठांचे आदेश साधारणपणे लेखी असले पाहिजेत, आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर लगेच लेखी कायम करायचा. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "दादा, नियम पाठ हाय मला, पण साहेबाला लेखी मागितलं की माझी बदली कुठं होईल ते बी मला पाठ हाय." शाहूवाडीच्या पार टोकाचं एक गाव बोटावर मोजून दाखवलं त्यांनी.

म्हणजे आक्कांना लेखी मिळत नव्हतं आणि ह्या कारकुनाला पण लेखी मिळत नाही. दोघांची अडचण एकच आहे असं मला वाटायला लागलंय. ज्याच्या हातात वरची सही आहे तो कागदावर यायला तयार नाही, आणि मग ती भीती टेबला-टेबलावरनं खाली खाली उतरत शेवटी आक्कांच्या "पुढच्या आठवड्यात या" पर्यंत येते. आणि भीतीच्या जोडीला कामाचा बोजा आहेच, एकेका तलाठ्याकडं दोन-दोन तीन-तीन सजे, म्हणजे गावांचे गट, आज इथं तर उद्या तिथं, त्यात निवडणुकीचं काम, पीक पाहणी, व्हीआयपी दौरा. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक अजून तलाठीच म्हणतात. माणसं कमी आहेत हे मान्य. पण कारण सांगायला माणसं लागत नाहीत, एका दारावर चिकटवलेला कागद पण पुरतो, की हे हे अर्ज ह्या ह्या त्रुटीसाठी थांबलेत. पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची मोहीम चालली होती, आपला जिल्हा त्याच विभागात, तेव्हा इथल्या ऑफिसांतले कित्येक वर्षांचे गठ्ठे खाली उतरले, लावले गेले, निकाली निघाले. तीच माणसं, तीच टेबलं होती. मनावर घेतलं तर होतंय.

मला नीट वागणं म्हणजे काय ते कुठल्या पुस्तकात कळलं नाही, २०१९ च्या पुरात बघितलं. तुम्हाला आठवत असेल, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले. आमच्या पाहुण्यांच्या गावात मी मदतीला गेलो होतो, सगळीकडं चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, गाद्या रस्त्यावर काढून टाकलेल्या. तिथले तलाठी गुडघ्यापर्यंत पॅन्ट दुमडून घरोघरी फिरत होते, एका हातात पॅड, पेन खिशाला दोरीनं बांधलेलं, आणि प्रत्येक घरात गेल्यावर आधी भिंत बघायचे, पाण्याची खूण कुठपर्यंत आलीय ते हातानं दाखवायला लावायचे, लिहायचे, आणि काय लिहिलं ते घरातल्या माणसाला वाचून दाखवायचे. "दोन पोती गहू, एक टीव्ही, मागची भिंत पडली, बरोबर हाय काय?" मगच सही.

गावातले एक वजनदार गृहस्थ, त्यांचं घर उंचावर, पाणी पायरीपर्यंत पण आलेलं नव्हतं, त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की आमचं पण नाव घाला, सगळ्यांचं घालताय की. तलाठी आवाज न चढवता म्हणाले, "तात्या, भिंतीवरची खूण दाखवा, आत्ता लिहितो." तात्या काय बोलणार. आणि त्याच गल्लीत चार-पाच घरांना कुलूप होतं, माणसं अजून छावणीत होती. कुणीतरी म्हणालं की कुलूप आहे तर सोडा, पुढं चला. ह्या माणसानं ती घरं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि अंधार पडल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर परत आले, तोपर्यंत निरोप देऊन त्या लोकांना बोलावून घेतलं होतं. जो ओरडत होता त्याचं नाव घातलं नाही आणि जो तिथं हजरच नव्हता त्याचं सोडलं नाही. मला विचाराल तर सार्वजनिक सेवेतली सगळी नीतिमत्ता एवढ्यातच आली. त्यांनी त्या दिवशी कुणावर उपकार केल्यासारखं तोंड पण केलं नाही, हे विशेष.

आणि कोल्हापूरकरांना तर ह्या गोष्टी नव्या नसाव्यात. शाहू महाराजांचं नाव आपण प्रत्येक कार्यक्रमात घेतो, दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालतो, पण प्रशासनात त्यांनी काय केलं हे कमी बोललं जातं. १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा ठेवल्या हे सगळ्यांना माहीत असतं. १९१८ ला त्यांनी कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. त्याच्या आधी गावाचं दप्तर वतनदाराच्या घरात, पिढीजात, बाप गेला की पोरगा, आणि आपल्या जमिनीचं काय लिहिलंय हे विचारायचं तर त्याच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, जाऊन हात जोडून उभं राहायचं. पगारी माणूस आल्यावर ते काम खाजगी मालकीचं राहिलं नाही, त्याची बदली होऊ शकते, त्याला जाब विचारता येतो. आज एखादा बाबू "माझ्या टेबलावर माझ्या सवडीनं" अशा तोऱ्यात बोलला की मला तो वतनदाराचा सोपा दिसतो.

१९१९ चा एक आदेश तर प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात भिंतीवर लावावा असा आहे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना दवाखान्यात, सार्वजनिक इमारतींत, पाणवठ्यांवर बरोबरीनं वागवायचं, आणि ज्या सरकारी नोकराला हे मान्य नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. पेन्शनपर्यंत गेले महाराज! माणसाशी कसं वागायचं ही नोकरीची अट करून टाकली, तुमच्या चांगुलपणावर सोडलं नाही. शंभर वर्षांपूर्वी, ह्याच शहरात.

पैशाबद्दल पण लिहायला पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल ह्याला लाच दिसतच नाही. दिसते. आणि त्यात आमच्या धंद्यातली माणसं पण आहेत हे मी उघड लिहितो. केंद्रावर दरपत्रक लावायचं असतं, ते लावायचं नाही, आणि "साहेबांना द्यावं लागतंय" म्हणून वर दोनशे-तीनशे काढायचे, साहेबाला त्यातलं काही माहीत पण नसतं. असल्या एजंटांनी कितीतरी चांगल्या माणसांचं नाव फुकट घालवलंय. मला ह्या लोकांचा लई राग येतो. आम्ही सरकारी नोकर नसलो तरी लोक आमच्याकडं सरकारचं काम म्हणूनच येतात, मग आम्हाला वेगळा नियम कसा.

देणाऱ्यांसाठी एवढंच, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, आता लाच देणं हासुद्धा सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यायला लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर सुटका आहे. एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४, टोल फ्री. द्यायच्या आधीच फोन केला तर जास्त बरं, ते आधी पडताळणी करतात, पंच घेतात, मग सापळा लावतात. पण लोक घाबरतात की नंतर आपलं काम त्याच ऑफिसात आहे, आणि ती भीती खरी आहे, मी कुणाला ढकलत नाही, नंबर तेवढा दुकानात मोठ्या अक्षरात लावलाय.

आणि ओळख! पैसे न देता नगरसेवकाचा फोन लावायचा, मामाचा मित्र आत आहे म्हणून रांग सोडून खिडकीच्या बाजूनं जायचं, ह्याला कुणी भ्रष्टाचार म्हणत नाही. मागं उभी असलेली आज्जी मात्र सकाळपासून उभी असते. तिच्या दृष्टीनं पैसे देऊन घुसला काय आणि फोन लावून घुसला काय, तिचा नंबर मागं गेलाच. आणि आतला माणूस ह्या वेळी "थांबा, रांगेत या" म्हणाला की आपण बाहेर येऊन त्याला माजलाय म्हणतो.

माझ्याकडं एमपीएससी-यूपीएससीची पोरं नोट्स प्रिंट काढायला येतात, अभ्यासिका जवळच आहे. यूपीएससीला २०१३ पासून नीतिशास्त्राचा आख्खा पेपर आहे २५० मार्कांचा. प्रिंट निघताना मी पण वाचतो. ब्रिटनच्या नोलन समितीची १९९५ ची सार्वजनिक जीवनातली सात तत्त्वं प्रत्येकाच्या नोट्समध्ये असतातच, निःस्वार्थ वृत्ती, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा, नेतृत्व. पोरं हुशार आहेत, कष्टाळू आहेत, गावाकडनं येऊन एका खोलीत चौघं राहून अभ्यास करतात. मी त्यांना म्हणतो की अरे एक दिवस पुस्तक ठेवा आणि माझ्या बाकड्यावर येऊन बसा, कोण काय विचारतंय ऐका, उत्तरदायित्व कुणाला द्यायचं ते समोर बघा. एक-दोघं आले पण. त्यातल्या एका पोरीनं दुपारभर बसून लोकांच्या अर्जावर त्रुटी कुठली ती पेन्सिलनं लिहून दिली आणि जाताना मला विचारलं, हे ऑफिसात का लिहून देत नाहीत? मी म्हटलं तू झालीस की दे. "देणारच" म्हणाली, आणि मला तिचं खरं वाटलं.

तर ज्यांचा अर्ज कुठं अडकून पडलाय आणि कारण कळत नाहीय त्यांनी केंद्रावर या, "कारण लेखी कळवा" असा अर्ज मी लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सकाळी दाखल्यांची गर्दी असते म्हणून दुपारी दोननंतर आलेलं बरं. येताना पोचेची झेरॉक्स आणा, ओरिजिनल घरीच ठेवा, आणि ज्यांच्याकडं पोच नाही त्यांनी आधी जाऊन आवक टेबलावर तारीख सांगून आवक नंबर विचारून घ्या, रजिस्टरला नोंद असली तर तिथनंच पुढचं सुरू करता येतं.